बेडकाचा रॉड वेगळा, चमच्याचा वेगळा

मिल्या, रॉड आला होता. आधी हे सांगून टाकतो, बाकीचं मग. तू रोज विचारायचास, मी रोज नाय म्हणायचो. पण दिवाळीनंतर मी बटाटा घेऊन मंचरला गेलो, त्याच दिवशी तो कुरिअरवाल्याकडून माझ्या हातात पडला होता. तू गेलास त्या सकाळीसुद्धा तो माझ्या रिकाम्या कांदाचाळीत उभा होता, पाण्याच्या पाइपांमागं.

काल तुझा जलदान विधी झाला. लोक भेटतात, खांद्यावर हात ठेवतात, म्हणतात, "दत्तूभाऊ, सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं तुमी केलं." मी मान हलवतो. दुसरं काय करू, सांग. रोज संध्याकाळी तुझ्या ओट्यावर येऊन बसणारा दत्तू त्यांनी बघितलाय. बसून मी काय करत होतो ते तुला आणि मला ठाऊक. की मला एकट्यालाच? काल संध्याकाळपर्यंत आठ दिवस हेच डोकं कुरतडत होतं. तुला कळलं होतं का? मी खोटं बोलतोय हे माहीत असून तू गेलास, की मला भला माणूस समजून गेलास? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, तेही मला ठरवता येत नव्हतं.

आपलं उभ्या जन्माचं भांडण एकच होतं. तू म्हणायचास, रबरी बेडकाचा रॉड वेगळा, पितळी चमच्याचा वेगळा, प्लास्टिकच्या बुडी मारणाऱ्या माशाचा वेगळा. माशाला फसवायला जेवढी खोटी आमिषं, तेवढे तुझे रॉड, आणि प्रत्येकाला जोडीचं रील. मी म्हणायचो, मासा काय रॉड बघून गिळतो का? एक रॉड घ्यावा, त्यानं सगळं करावं. तू माझ्याकडं असा बघायचास, की मी एकाच चमच्यानं चहा ढवळतो आणि विहीर खणतो.

तुझी चूक नव्हती. अवसरीला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर तुझी हयात गेली. सुताचा फरक तुला नुसत्या बोटाला कळायचा. पोरांनी काम बिघडवलं की तू ओरडायचा नाहीस, तो तुकडा हातात घेऊन इतका वाईट चेहरा करायचास की पोरगं स्वतःहून दुसरा तुकडा घ्यायचं. तोच चेहरा मला धरणावर बघावा लागायचा. मी तुझ्या बारक्या रॉडला बेडूक बांधला की झालं. तू काही बोलायचा नाहीस. नुसता बघायचास. तुझ्या शिव्या परवडल्या असत्या.

आणि मोठा शहाणा म्हणून मिरवायला तुलाही जागा नव्हती, हेही आज बोलून घेतो. तुझं पहिलं रील आठव. तोवर आपण दोघं कळकाच्या काठीला दोरा बांधून गांडुळावर मासे धरत होतो. पुण्याचे पावणे धरणाच्या फुगवट्यावर रॉड घेऊन यायला लागले आणि तुझं डोकं फिरलं. पगार झाल्यावर तू रॉड-रील घेऊन आलास. ते रील आपण रॉडच्या वर बसवलं आणि उलटं फिरवत अख्खा पावसाळा काढला. मनगटं सुजली. तू म्हणालास, परदेशी वस्तू आहे, सवय व्हायला वेळ लागणार. शेवटी एका पावण्यानं येऊन सांगितलं, "काका, हे खाली लटकवायचं असतं." मी लाजेनं पाण्याकडं बघत बसलो. तू मात्र तिथल्या तिथं रील काढून उलटं केलंस, दोनदा फिरवलंस आणि म्हणालास, "चला. आता शिकायला सुरुवात." मला तुझं हे कधीच जमलं नाही, मिल्या. चार लोकांत फजिती झाली तरी तू तिच्यातून सरळ चालत पलीकडं जायचास. मी फजितीला फार भितो. पुढं जे झालं त्याचं मूळ यातच आहे.

मग तू मोबाईलवर मासे धरणारे गोरे लोक बघायला लागलास. आवाज बारीक, कारण वैनी ओरडायच्या. त्यांच्याकडं बास नावाचा मासा असतो आणि ते सारखं बास बास करतात. मी तुला म्हणालो, हा माणूस मघापासून बास बास म्हणतोय, मग थांबत का नाय? तू इतका हसलास की चहा नाकात गेला. त्यानंतर आपल्यात तो शब्दच झाला. अंधार पडायला लागला की मी म्हणायचो, बास. तू म्हणायचास, गोऱ्यांचा का आपला? गोऱ्यांचा म्हणालो तर अजून अर्धा तास. आपला म्हणालो तर घरी.

त्या बास माशांचं सगळं शास्त्र तू आपल्या मरळीला लावलंस, आणि ते लागू पडलं हे मला तुझ्या तोंडावर कबूल करता आलं नाही. आता करतो. मरळ पाण्यावर पसरलेल्या पानवेलीखाली बसते. बेडूक पानांवरून उड्या मारत गेला पाहिजे आणि तिनं धरला की तिला वेलींसकट बाहेर ओढायला रॉड ताठ पाहिजे, दोरा विणलेला जाड पाहिजे, रील भराभर गुंडाळणारं पाहिजे. बुडी मारणाऱ्या माशाला तीन तोंडांचे बारीक गळ असतात. तिथं ताठ रॉड घेतला तर हिसक्यासरशी गळ तोंडातून सुटून येतो. तिथं रॉड मऊ हवा, वाकणारा, माशाला थोडं पळू देणारा. चमच्याला तर आणखी हलका. हे सगळं मला पाठ आहे. तू मला निदान शंभर वेळा सांगितलंस, मी शंभर वेळा जांभई दिली.

ती मोठी मरळही मी आज तुला देऊन टाकतो. पिंपळाखालच्या खाचेतली. मी तुझ्या मऊ रॉडनं बेडूक टाकला होता. तिनं धरला, मी मारला हिसका, आणि रॉड नुसता कमरेतून वाकला. गळ बसलाच नाही. तिनं बेडूक थुंकला आणि पाणी परत गप्प झालं. मी म्हणालो, दोरा जुना व्हता. तू दोऱ्याला हात लावून बघितलंस. इतकी वर्षं मी दोऱ्याचंच नाव घेत आलो. दोरा चांगला होता, मिल्या.

गणपतीच्या आधी तुला पहिला झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. चार शब्द बोलायचे तर तोंड वाकडं व्हायचं आणि घाम फुटायचा, म्हणून तू एकेका शब्दावर आलास. दवाखान्यातून आणताना मी तुला गाडीतून उचलून घेतलं, आणि तेवढ्यात तुझी पँट ओली झाली. माझ्या हातावर गरम लागलं. तू डोळे मिटून घेतलेस. जो माणूस रील उलटं निघालं तरी लाजला नव्हता, त्यानं डोळे मिटले. त्या दिवसापासून मला तुझी भीती वाटायला लागली. तुझ्या आजाराची नव्हे, तुझी. हे लिहून एकदा खोडलं, पण खरं तेच आहे.

तुला खुर्चीत बसवून ओट्यावर ठेवायला लागल्यावर तू पहिलं मागितलंस ते पाणी. वैनी तांब्या घेऊन आल्या. तू मान हलवलीस आणि डाव्या हातानं धरणाकडं दाखवलंस. वैनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भावजी, ह्यांना एकदा न्या की वो. दागदरबी म्हनले, भायेर काढा." मी लगेच म्हणालो, नेतो की. त्यात काय.

आणि तिथून मी नियम काढायला लागलो. तुझेच नियम. डाव्या हाताचा रॉड पाहिजे. हलका पाहिजे, तरी बेडूक ओढण्याइतका ताठ पाहिजे. रीलची मूठ उजवीकडं का डावीकडं हे ठरवायला पाहिजे. बेडूक बारका पाहिजे. पुण्याच्या दुकानदाराला मी इतके फोन केले की तो म्हणाला, काका, एवढं तर शहरातलं गिऱ्हाईकपण विचारत नाय. ज्यानं जन्मभर एक रॉड पुरे म्हणून हुज्जत घातली, तो दत्तू आता वजन आणि लांबी विचारत होता. लोकांना वाटलं, मैत्री म्हणावी तर ही. मलाही वाटायचं, मधनं मधनं.

तू मात्र उलटा झालास. एके संध्याकाळी तू ओसरीच्या कोपऱ्यात उभी असलेली कळकाची काठी दाखवलीस. वैनी कपडे वाळत घालायला वापरतात ती.

"चालंल," म्हणालास.

"काय चालंल?"

"काठी."

मी हसलो. "वा रे वा. इतकी वर्षं माझं डोकं खाल्लं, अन् आता काठी चालंल? बेडकाचा रॉड वेगळा असतो, राव. तूच शिकवलंय."

तू डावा हात वर केलास आणि हवेत फेकल्यासारखं केलंस. मग माझ्या छातीला बोट लावलंस आणि ते बोट गोल गोल फिरवलंस. मी फेकतो, तू गुंडाळ. इतकं सोपं होतं. एक हात तुझा, एक माझा. मला पहिल्या झटक्यात कळलं. पण मी म्हणालो, "काय म्हनतोस, नीट सांग की." तू पुन्हा तेच केलंस. मी पुन्हा मान हलवली, न कळल्यासारखी. तिसऱ्यांदा तू केलं नाहीस. हात मांडीवर ठेवून रस्त्याकडं बघत बसलास.

त्या वेळेला चार माणसं मिळाली नसती का? नुसतं म्हणालो असतो तरी खुर्चीसकट तुला उचलून पाण्याकाठी ठेवला असता पोरांनी. तुला नाय म्हणणारं गावात कोण होतं. पण मला दिसत होतं ते वेगळंच. तू बेडूक टाकणार आणि तो तुझ्याच पायाशी पडणार. जो हात पानवेलीतल्या ताटाएवढ्या भोकात बेडूक अलगद सोडायचा, जरासा आवाज न करता, तो हात असा झालेला बघायची माझ्यात ताकद नव्हती. आणि बघून झाल्यावर तू माझ्याकडं बघणार, मग मी काय चेहरा करायचा? माझा भित्रेपणा मी रॉडच्या नावावर खपवला.

मग रॉड आला. एकसंध, न दुमडणारा, म्हणून दुकानदारानं तो प्लास्टिकच्या पाइपात घालून दोन्ही टोकांना चिकटपट्टी मारून पाठवला होता. साडेसहा फुटी पाइप. मंचरच्या बाजारात तो हातात घेऊन मी उभा राहिलो आणि मला पहिली गोष्ट सुचली ती ही, की हा तुझ्या ओट्यासमोरून न्यायचा कसा. घरी जायला दुसरा रस्ता नाही. लबाडी करायला माझं डोकं कधी नव्हे ते चाललं. मी दुकानातून पाण्याचे चार पाइप विकत घेतले, काही गरज नसताना, आणि त्यात हा मधोमध घालून सुतळीनं आवळून टेम्पोत आडवा टाकला. तुझ्या घरावरून जाताना मी हात वर केला. तूही डावा हात वर केलास.

त्या संध्याकाळी तू विचारलंस, "आलं?"

त्या दिवशी तरी मी खोटं ठरवून बोललो नव्हतो. दमलो होतो. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. म्हणून म्हणालो, "नाय अजून. येईल." दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं तर कालचं खोटं सांगावं लागणार होतं, म्हणून पुन्हा नाय. तिसऱ्या दिवशी तर सोपंच गेलं. असं कर्ज नाही, भांडण नाही, वैर नाही, नुसतं एक "नाय" रोज थोडं जुनं होत गेलं.

आणखी एक सांगतो, मग माझ्याकडं लपवायला काही उरत नाही. मी तो रॉड घेऊन एकदा एकटा गेलो होतो. दुपारी, पिंपळाखालच्या खाचेवर. टॉवेलनं माझा उजवा हात पोटाशी बांधून घेतला आणि डाव्या हातानं बेडूक टाकून बघितला. तुझ्यासाठी जमतंय का बघतो, असं मनाला सांगितलं. पहिला पायाशी पडला. दुसरा मागच्या बाभळीत अडकला. तिसरा पाण्यात गेला, पण गुंडाळायला हातच नाही. बेडूक पानांवर पडून राहिला, रॉड माझ्या हातात, आणि मी तसाच उभा. तेव्हा तुझं ते गोल फिरणारं बोट आठवलं. मी खाली बसलो आणि रडलो, मिल्या, मोठ्यानं, कारण आसपास चिटपाखरू नव्हतं. मग टॉवेल सोडला, तोंड धुतलं, रॉड पाइपात घालून चाळीत ठेवला आणि संध्याकाळी तुझ्या ओट्यावर येऊन बसलो. तू म्हणालास, "आलं?" मी म्हणालो, "दुकानवाला लई लबाड निघाला राव, नुसतं उद्या उद्या करतोय." त्या बिचाऱ्यावरही मी ढकललं.

तू डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलंस. येईल, येईल, असं. मला वाटलं, भाबडा आहे बिचारा. तुला मी भाबडा म्हणालो, मनात. ज्याला सूत चुकलेलं दुरून दिसायचं त्याला.

काल विधीला मी मागं उभा होतो. भंतेजी गाथा म्हणत होते आणि वैनी तांब्यातलं पाणी वाटीत ओतत होत्या. वाटी भरली, पाणी खालच्या ताटात सांडायला लागलं. वैनींनी मान वळवून मला शोधलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुमीबी हात लावा." मी गेलो. तांब्याला हात लावला. पाणी पडत होतं आणि मला वाटत होतं, हा हात कुणी तरी धरून बाजूला करावा. कुणी केला नाही.

जेवणं झाली, माणसं पांगली. मी चपला घालत होतो. वैनी दारात आल्या. म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? त्या रॉडचं काय केलं?"

मी म्हणालो, कोणता रॉड.

"पायपातला." आवाजात राग नव्हता, नुसती दमलेली होती बाई. "तुमी टेम्पोतनं गेला ना, तवा ह्यांनी मला हात करून भायेर बोलावलं. लई हसत व्हते. कदी न्हाई ते हसत व्हते. मला काय कळंना. मंग बोलले, पायपात रॉड. मी म्हनलं, तुमाला कसं कळलं? तर हितं अशी बोटं लावून दाखवलं, टोकाला पट्टी मारलीय म्हनून. पान्याच्या पायपाला कोन पट्टी मारतंय."

मी खांब धरला.

"म्या म्हनलं, भावजी आता आनून देतील. सांजच्याला तुमी आला अन् न्हाई म्हनला. मला लई राग आला तुमचा, खोटं कशाला सांगू. म्या म्हनलं, मी इचारते त्येंला. तर ह्यांनी माझा पदर धरला. म्हनले, नको. भितो. तुमच्या घराकडं हात करून एवढंच बोलले, भितो. मंग म्हनले, येईल."

त्या आत गेल्या. मी घरी आलो नाही, तसाच बंधाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलो. मग एकेक संध्याकाळ आठवायला लागली. रॉड आलाय हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तू रोज विचारायचास. वळत नसलेली जीभ गोळा करून, घाम पुसत, दिवसभरात तुझ्याकडं असलेल्या चार शब्दांतला एक माझ्यावर खर्च करायचास. पाइप तर तू डोळ्यांनी बघितला होतास, मग ते विचारणं पार्सलचं कसं असेल? मला नेतोस का, दत्त्या, असं तू रोज विचारत होतास. आणि मी रोज, तुझ्या तोंडाकडं बघून, नाय म्हणत होतो.